उन्हात वाळवलेली पुस्तकं

आमच्या घरात पाणी आल्याची बातमी सगळ्यात आधी एका ताटलीला कळायची. मीरा रोडला तेव्हा नळाला पाणी कधी येईल हे वॉचमनलाही ठाऊक नसायचं. म्हणून आईने स्वयंपाकघरातला नळ कायमचा उघडा ठेवलेला, त्याला हिरवा पाइप जोडलेला, पाइपाचं दुसरं टोक बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात आणि पिंपाच्या तळाशी स्टीलची एक पोचे आलेली ताटली. वॉचमनने वरच्या टाकीचा वाल्व सोडला की पहिली धार त्या ताटलीवर पडायची, तडतड असा आवाज व्हायचा आणि आम्ही असू तिथून उठून धावायचो. एकदा मला बघायला मंडळी आली होती. पडदा हलला तेव्हा मुलगी चहा घेऊन येतेय असं समजून ती सावरून बसली, आणि मुलगी त्यांच्यासमोरून दोन्ही हातांत बादल्या घेऊन पळाली. ते स्थळ पुढे सरकलं नाही. आई त्याचा दोष अजून माझ्या नाकाला देते, मी त्या ताटलीला देते. पण आईच्या कानांबद्दल मात्र आमच्या मजल्यावर कुणाचं दुमत नव्हतं. गॅसवर फोडणी कडाडत असली, समोरच्या कांताबेनचा टेपरेकॉर्डर गात असला, तरी पहिला थेंब आईला ऐकू यायचा.

गिरगावातली चाळ सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला परदेशी निघाल्यासारखा निरोप दिला होता. एक मामी तर रडलीसुद्धा. नव्या घरात एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक खिडकी. त्या खिडकीतून तेव्हा मिठागरं दिसायची, पांढरे ढीग आणि त्यांच्यामागे आकाश. हल्ली समोरच्यांचा टीव्ही दिसतो, आणि तोही चांगला स्पष्ट. आई रत्नागिरीकडची. तिने ताबा घेण्याआधीच बिल्डरच्या माणसाला सांगितलं की दाराला उंबरठा बसवा. "भाभी, फ्लॅट में उंबरठा नहीं होता," तो म्हणाला. "मग घर कुठे सुरू होतं हे कळायचं कसं?" असं आईने शुद्ध मराठीत विचारलं, आणि काळ्या दगडाचा चांगला वीतभर उंच उंबरठा बसवून घेतला. येणारा प्रत्येक माणूस त्याला अडखळायचा. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा उंबरठा पहिल्या दिवसापासून खटकत होता. आप्पा आधुनिक होते.

आता आप्पा आधुनिक कसे झाले ते सांगायला हवं, कारण दिसायला ते अजिबात तसे नव्हते. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला पेनांची रांग, डोक्याला खोबरेल. फोर्टात एका आर्किटेक्टच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. सर कल्पना लढवायचे आणि आप्पा त्या कल्पनांना रेषा द्यायचे, खाली सुवाच्य अक्षरांत 'शयनगृह', 'जिना', 'अतिथिकक्ष' असं लिहायचे. असे शेकडो अतिथिकक्ष त्यांनी काढले. आमच्याकडे अतिथी आला की मी स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी झोपायची. सरांचं शिक्षण परदेशात झालेलं, आणि तिथून आणलेली पुस्तकं कचेरीच्या भिंतीभर होती: आधुनिक घरांची, पोस्टरांची, मांडणीची, अक्षरं कशी घडवायची त्याची. सर थकले, मुलं बाहेरदेशी, कचेरी बंद झाली. शेवटच्या दिवसांत सर आप्पांना म्हणाले, "ही तूच ने. बाकीच्यांना ह्यात फक्त चित्रं दिसतील." हे वाक्य आप्पांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आई ते भाजी निवडता निवडता त्यांच्या आधी म्हणून टाकायची. मग रोज संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून एकेक पुस्तक घरी येऊ लागलं. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची, वजनदार पुस्तकं. आई त्यांना लाद्या म्हणायची. "आणली का आजची लादी?"

ठेवायची कुठे हा प्रश्न होताच. भिंतींवर देव, कॅलेंडर आणि आईची फळी. शेवटी दिवाणाच्या पोटात जागा झाली. वर आप्पा झोपायचे, खाली लाद्या. रविवारी सकाळी आंबोळ्या खाऊन झाल्या की आप्पा हात साबणाने धुवायचे, पुसायचे, वर करून वाळवायचे, सर्जन करतात तसे. मलाही हात धुवायला लावायचे आणि वास घेऊन बघायचे. बाजारातून बोंबील आणले असतील तर ते साफ व्हायच्या आधी पुस्तक उघडून मिटून झालेलं असायचं, कारण त्यांच्या मते बोंबलाचा वास आणि आर्ट पेपर ह्यांची एकदा ओळख झाली की ती जन्मभराची. मग दिवाणाची फळी उचलायची, गादीवर धुतलेली चादर अंथरायची आणि पुस्तक मांडीवर घ्यायचं. काही पुस्तकं इंग्रजी होती, बरीच जर्मन. जर्मन पुस्तकांवर आप्पांचं विशेष प्रेम, कारण तिथे त्यांना कुणी चुकीचं ठरवू शकत नव्हतं.

"हे बघ सुमा," एका अख्ख्या पानावर छापलेलं एकच काळं अक्षर दाखवत ते म्हणायचे, "ह्याच्या पोटातली पांढरी जागा बघ. आधी ती घडवायची. काळं आपोआप होतं."

"एक अक्षर छापायला एवढं मोठं पान?" आई आतून.

"अगं, रिकामी जागासुद्धा मांडलेलीच असते."

"मग आपल्या घरात ती कुठे मांडलीय तेवढं दाखवा. मला पापडाचा डबा ठेवायचाय."

आप्पा म्हणायचे, आधुनिक म्हणजे नको ते काढून टाकणं. आई म्हणायची, मग लाद्यांपासून सुरुवात करा. हे इतकं ठरलेलं होतं की दोघांपैकी एक जण चुकला असता तर दुसऱ्याने आठवण करून दिली असती. सोसायटीच्या नोटिशी आप्पाच लिहायचे. 'जिन्यात थुंकू नये' ही त्यांची नोटीस इतकी देखणी होती की लोक थांबून वाचायचे आणि वाचता वाचता थुंकायचे. लग्नपत्रिका आली की लग्न कुणाचं हे बघायच्या आधी ते 'श्री'ला श्वास घ्यायला जागा ठेवलीय का ते बघायचे. मी पुढे विमा कंपनीत चिकटले, आणि त्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच की दुकानांच्या पाट्या वाचताना माझा चेहरा दात दुखल्यासारखा होतो. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर बाजारात फिरणं म्हणजे शिक्षिकेबरोबर फिरणं.

ह्या सगळ्यात एक पुस्तक आप्पांचं खास होतं. पांढरं कव्हर, त्यावर एक लाल चौकोन, बाकी काही नाही. आत घरांचे फोटो. मध्याच्या थोडं पुढे एक जोडपान यायचं. एका पांढऱ्या घराची लांबच लांब आडवी खिडकी, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पलीकडे झाडं आणि खिडकीशी पाठमोरी एक बाई. पुस्तकभर माणूस म्हणून तेवढाच. त्या बाईबद्दल खाली जर्मनमध्ये काही लिहिलं होतं की नाही कोण जाणे, पण आप्पांनी ठरवून टाकलेलं की ती घर बांधणाऱ्याची बायको आहे. "गॅसवर दूध ठेवलंय तिने, आणि मिनिटभर बाहेर बघायला आलीय. बघ, पदर नाही तिला, पण खांदे बघ. दूध ठेवलेल्या बाईचे खांदे आहेत."

"उतू जाईल तिचं," आई आतून म्हणायची.

"नाही जात. फोटो आहे तो."

"फोटोत असलं म्हणून काय झालं? दूध ते दूध."

आणि आईला काय वाटायचं कुणास ठाऊक, दर वेळी त्या पानाला ती हात पुसत दारापर्यंत यायची. आत यायची नाही. लांबूनच त्या बाईकडे बघायची आणि परत गॅसकडे वळायची. आमच्या खिडकीतून बाहेर बघायला आईला वेळ मिळालेला मी कधी पाहिला नाही. सुकत घातलेलं काही काढायला ती खिडकीशी जायची तेवढंच.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आप्पांना डोळ्यांसमोर चमचम दिसू लागली. एक डोळा लहानपणापासूनच अधू होता, त्याला फक्त हाताच्या अंतरावरचं दिसायचं. आता चांगल्या डोळ्याचा पडदा सरकला. आधी रंग विटले, मग कडेने काळोख आत येऊ लागला. एका रविवारी त्यांनी लाल चौकोनाचं पुस्तक उघडलं, बराच वेळ त्या खिडकीच्या पानाकडे बघितलं आणि मिटलं. "बाई गेली," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी तातडीने ऑपरेशन सांगितलं. वाचेल, पण खात्री देत नाही म्हणाले. आप्पांना हॉस्पिटलची भयंकर भीती. पण ते तयार झाले, आणि का तयार झाले हे त्यांनी कांताबेनसकट सगळ्यांना सांगितलं. "पट्टी सुटली की पहिलं ते पुस्तक बघणार. तेवढं दिसलं तर बाकीचं नाही दिसलं तरी चालेल." आई म्हणाली, "आम्ही बाकीच्यांत का?" तेव्हा ते हसले. आईही हसली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आईला दिवाणाची फळी उचलून त्या पुस्तकाचं कव्हर पदराने पुसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच शहरात निघालो. आई घरातून निघताना देवाला नमस्कार, गॅसची कळ, कडी, कुलूप हे सगळं ठरल्याप्रमाणे करायची. नळ बंद करणं त्यात नव्हतंच. आमच्या भागात नळ बंद करण्याची कुणाला सवय नव्हती. नळ उघडाच असतो आणि पाणी नसतं, हा आमच्या जगाचा नियम. नेमका त्याच दिवशी सोसायटीने टँकर मागवला, वरची टाकी काठोकाठ भरली आणि वाल्व सोडला गेला. ताटली वाजली. पिंप भरलं. पिंप वाहिलं. पाणी दाराशी आलं आणि आईच्या उंबरठ्याला थांबलं.

ऑपरेशन नीट झालं. आप्पांना तिथेच ठेवून आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा कांताबेन जिन्यात खराटा घेऊन उभी होती, रडवेली. "अरे सुमा नी मम्मी, मला ताटलीचा आवाज आला नी. मला वाटलं तुम्ही घरी आले, पाणी भरते. मी बोलली, सारू थयुं, आज पाणी चांगला आला. मग तुमच्या उंबरठ्याच्या वरून पाणी आला तेव्हा समजली." आवाज आला म्हणजे माणसं घरात आहेत, ह्यात तिचं काय चुकलं? कुलूप काढलं. आत पाणी उंबरठ्याच्या काठापर्यंत, स्थिर, स्वच्छ. गच्चीवरून इतकं स्वच्छ पाणी आमच्याकडे कधी आलं नव्हतं. चपला तरंगत होत्या. आणि दिवाण त्यात बसला होता, पाय दुमडून पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा.

मी रडायला लागले. आई रडली नाही. तिने साडी खोचली आणि फळी उचलली. "त्यांची पट्टी सुटेपर्यंत वेळ आहे आपल्याकडे," ती म्हणाली, "वाळवू."

आणि वाळवण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं हे खरंच. फेण्या, कुरडया, पोह्याचे पापड, आमसुलं, सुकट, सगळं तिने जन्मभर उन्हात घालून वर्षभराचं केलेलं. ऊन कसं लागायचं, कधी उलटायचं, काय झाकायचं, तिला सगळं ठाऊक. चैत्र संपत आला होता, ऊन सणसणीत. सकाळी गच्चीवर बायकांच्या पापडांची गर्दी. त्यांनी आईला बघितलं, आपापल्या साड्यांची टोकं गोळा केली आणि मधोमध जागा करून दिली. आईने जुनी नऊवारी अंथरली आणि एकेक लादी तिच्यावर मांडली. पाणी निथळून घेतलं. मग कागद फुगून पुस्तक वाकडं होऊ नये म्हणून प्रत्येक नीट मिटून, सारखं करून, त्याच्यावर वजन ठेवलं: पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा, कांताबेनकडचं लोखंडी खलबत्त्याचं धूड. दुपारी वजनं उतरवायची, पुस्तकं पालथी करायची, वजनं परत. संध्याकाळी सगळी कांताबेनच्या घरात, तिच्या झोपाळ्याखाली. सकाळी पुन्हा वर. जिथे खायची वस्तू वाळते तिथे चप्पल घालून जायचं नाही, हा गच्चीचा कायदा. आईच्या लेखी ती पुस्तकं आता त्याच कायद्यात आली होती. मी म्हटलं, "आई, निदान तू तरी चप्पल घाल." "वेडी का काय," ती म्हणाली, "दुसऱ्यांचे पापड आहेत." आणि मग, थोड्या वेळाने, "आणि हीसुद्धा."

आप्पांना घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी एक विचित्र शिक्षा दिलेली. पडदा जागेवर चिकटावा म्हणून सतत पालथं झोपायचं, तोंड खाली. दिवाणाच्या कडेवरून डोकं थोडं बाहेर, कपाळाला उशी, डोळ्याला पट्टी. जेवण तसंच, बोलणं तसंच. बोलायचे ते जमिनीशी.

"दमट वास येतोय गं."

"फिनाईलने पुसलंय," आई म्हणायची.

"दिवाणाला कसला वास येतोय?"

"तुमच्या तोंडाखाली तोच आहे म्हणून येतोय. झोपा."

"सुमा, लाद्या बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत, आप्पा." खोटं बोलताना चेहरा सांभाळायची गरज नव्हती, एवढी एकच सोय.

पुस्तकं वाळली. खडखडीत वाळली. आईने ती खाली आणून तिवईवर रचली तेव्हा ती वाजली, खरंच लाद्या वाजाव्यात तशी. कव्हरांचे रंग थोडे उडाले होते, लाल चौकोनाच्या कडेला पाण्याची एक रेघ, बाकी वाकडं तिकडं काही नाही. मी एक उघडायला गेले तर आईने हातावर चापट मारली. "त्यांनाच उघडू दे पहिल्यांदा. तुझे हात धुतलेत का?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती जराशी खूश दिसत होती. लग्नात रुखवत मांडून झाल्यावर बायका दिसतात तशी.

पट्टी सुटली. आप्पांना दिसलं. पूर्वीसारखं नाही, पण दिसलं. घरी येऊन ते उठून बसले तेव्हा आईने त्यांना सगळं सांगितलं, एका दमात, स्वयंपाकघराच्या दारातून, त्यांच्याकडे न बघता: नळ, टँकर, पाणी, गच्ची. "पण एकही कुजू दिलं नाही मी. कडक ऊन दाखवलंय." आणि ती आत वळली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

आप्पा उठले. हात साबणाने धुतले. पुसले. वर करून वाळवले. मी चादर अंथरली. त्यांनी लाल चौकोनाचं पुस्तक मांडीवर घेतलं, डोळा जवळ नेला आणि चौकोनावरून बोट फिरवलं. "लाल दिसतोय गं," ते आत ऐकू जाईल असं म्हणाले. मग त्यांनी कव्हर उघडलं. कव्हर उघडलं, कारण ते पुठ्ठ्याचं होतं. त्यानंतर अंगठा पानांच्या कडेवर ठेवला आणि दाबला. काही हललं नाही. मध्यावर दाबला. थोडं पुढे, त्या जोडपानाच्या जागी. पुस्तक अख्खंच्या अख्खं त्यांच्या हातात तिरपं झालं, फळी तिरपी होते तसं. त्यांनी दुसरं उचलून बघितलं, मग तिसरं. मग पुन्हा पहिलं मांडीवर घेतलं. तळहात त्याच्या कडेवरून एकदा वरून खाली फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"वा," ते मोठ्याने म्हणाले. "छान वाळवलीयस गं. एक पान हललेलं नाही."

आत पीठ मळायचा आवाज थांबला.

"आणि ही बघ, बाई आहे. स्पष्ट दिसतेय. मागची झाडंसुद्धा. खिडकीत डावीकडे ढग आहे, हा मला आधी कधी दिसलाच नव्हता." ते मिटलेल्या पुस्तकाकडे बघत बोलत होते. "खांदे तसेच. दूध ठेवलेलं दिसतंय."

आई बोलेल म्हणून आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने आतून आलं, "उतू जाईल तिचं." आणि पुन्हा पिठाचा आवाज सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी आप्पा मला घेऊन खाली चक्कर मारायला गेले. शेअर रिक्षांच्या रांगेपलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. "आर्ट पेपरला मातीचा लेप असतो," ते म्हणाले. "ओला झाला की लेप विरघळतो. पान न् पान ओलं असतानाच सुटं करायचं, मध्ये कागद घालायचे, वारा द्यायचा. मिटून वजन ठेवलं की मग ती एकमेकांना सोडत नाहीत." नकाशातली चूक समजावतात तसं शांतपणे सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे वाचली असती?" त्यांनी पायरीवरची धूळ हाताने झटकली. मला राग आला, कुणाचा ते कळेना. "तुम्ही आईला काहीच बोलला नाहीत."

"पालथं पडून मला काय दिसत होतं सांग," ते म्हणाले. "अधू डोळ्याने? जमीन. आणि जमिनीवर तुझ्या आईचे पाय. ती पाणी द्यायला यायची, गोळी द्यायला यायची. रोज तळवे जास्त भाजलेले. फोड आलेले, फुटलेले. टाचा टेकत नव्हत्या तिच्या, कडांवर चालत होती. मला आधी कळेना, घरातल्या घरात बाई भाजते कशी? मग दिवाणाचा वास. मग कळलं काहीतरी उन्हात घातलंय." एक रिक्षा भरून निघून गेली. "तिला हे कागदाचं कधी सांगायचं नाही, सुमा. मी गेल्यावरसुद्धा नाही." त्यांचा नवा डोळा पाणावला होता. मी म्हटलं डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलंय. "ते पालथं असताना," ते म्हणाले.

त्यानंतर आप्पा कितीतरी वर्षं जगले आणि रविवार एकही चुकला नाही. हात धुणं, चादर, मांडीवर मिटलेलं पुस्तक, आणि त्यातलं सगळं तोंडपाठ. हळूहळू त्यात नसलेलंही येऊ लागलं. घरांना अंगणं आली, एका काचेच्या इमारतीत कोकमाचं झाड आलं. आई त्या वेळी भांडी घासायला घ्यायची, आणि इतकी आपटून घासायची की आप्पांना आवाज चढवावा लागायचा. मला तिचा राग यायचा. वाटायचं, माणूस मोडलेल्या काळजाने तुझ्यासाठी नाटक करतोय आणि तुला दोन मिनिटं गप्प बसवत नाही. आणि दर चैत्रात ती लाद्या गच्चीवर न्यायची, ऊन दाखवायला, पापडांच्या शेजारी. अनवाणी. आप्पा अडवायचे नाहीत. फक्त ती खाली आली की टबात गार पाणी काढून ठेवलेलं असायचं.

आता आमची बिल्डिंग पाडून नवीन होणार आहे. सामान हलवायला आलेल्या माणसाने तिवईवरचं एक पुस्तक उचललं, ठोकून बघितलं आणि म्हणाला, "दीदी, ये किताब है कि टाइल?" आप्पा असते तर त्याला बसवून घेऊन सांगितलं असतं. आईचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत. ती आतून म्हणाली, "आधी ती गच्चीवर ने. तिकडच्या भाड्याच्या कोंदट घरात पडून असतील मग, एकदा ऊन दाखवू." मी म्हटलं आई, गच्ची निम्मी फोडलीय, पाण्याच्या टाक्या उतरवल्यात. ती म्हणाली, ऊन तर उतरवलं नाही ना.

म्हणून परवा मी ती सगळी वर नेली, लिफ्ट बंद असल्यामुळे फेऱ्या मारत, गुडघ्यांना शिव्या देत. आईला खुर्चीत बसवून सामानवाल्या दोघांनी उचलून आणलं. तिने चपला दारातच काढायला लावल्या. गच्चीवर कुणाचेच पापड नव्हते. नऊवारी केव्हाच फाटली होती, चादर अंथरली. लाल चौकोन आता विटकरी झालाय. आईने ते पुस्तक मांडीवर मागून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि अंगठा त्याच्या कडेवर ठेवला, मध्याच्या थोडं पुढे.

"त्या दिवशी मी आत कान लावून बसले होते," ती म्हणाली. "त्यांनी सगळं सांगितलं. झाडं सांगितली, ढग सांगितला. पण पान उलटल्याचा आवाज आलाच नाही."

मी चादरीचं टोक सारखं केलं.

"मग मी भांडी घ्यायचे रविवारी. म्हटलं, पानांचा आवाज नाही हे मला कळलंय, एवढं त्यांना तरी नको कळायला."

समोर पूर्वी मिठागरं होती त्या बाजूला तिने बघितलं. नुसतं बघितलं, काही सुकत घातलेलं काढायला नाही. पुस्तक मांडीवर तसंच होतं, मिटलेलं, हळूहळू तापत.

"ती बाई अजून तिथेच उभी असेल ना गं," आई म्हणाली. "मागे दूध ठेवून."